एकटा चारिझार्ड 62 लेव्हलला, तरी लान्ससमोर हार: घासत न बसता टीम कशी उभी करायची

भुसावळच्या एका भाऊंनी विचारलेला प्रश्न थोडक्यात असा. पोकेमॉन फायररेड हा व्हिडिओ गेम खेळताहेत, आठही बॅज (जिम जिंकल्याच्या खुणा) झालेत. टीममध्ये चारिझार्ड 62, पिजिऑट 41, जॉल्टियॉन 36, हिप्नो 35, लाप्रास 33, आणि झाडं कापायला, दगड ढकलायला ठेवलेला एक रॅटिकेट. जवळ दीड लाख पैसे. एलीट फोर म्हणजे शेवटी ओळीने लढायचे चार तगडे ट्रेनर; त्यांतले लोरेलाय आणि ब्रूनो निघतात, अगाथापाशी औषधं संपत येतात आणि लान्सच्या खोलीत खेळ आटोपतो. रोज दोन तास व्हिक्टरी रोड या गुहेत जंगली पोकेमॉन मारणं चालू आहे. त्यांना हवंय ते एवढंच: चारिझार्ड कितव्या लेव्हलला नेला म्हणजे लान्स पडेल?

भाऊ, आकडा सांगता येईल, पण तो सांगितला तर तुमचा आणखी एक महिना वाया जाईल. तुमची अडचण लेव्हलची कमी आणि वाटपाची जास्त आहे. ठिबकची नळी पहिल्याच झाडापाशी फुटली की सगळं पाणी तिथेच मुरतं आणि ओळीच्या शेवटची केळी सुकतात. तुमच्या टीमचं तेच झालंय. त्यात लान्सचे पोकेमॉन असे आहेत की नेमका चारिझार्डच त्यांच्यापुढे सगळ्यात लंगडा पडतो.

खाली जे सांगतोय ते फायररेड आणि लीफग्रीनचं गणित आहे. नंतरच्या भागांमध्ये अनुभव वाटायची पद्धत बदलली, म्हणून दुसऱ्या भागांचे सल्ले इथे जसेच्या तसे लावू नका. दुसरं म्हणजे, तुम्ही मास्टर बॉल (हमखास पकडणारा चेंडू) वापरलाय का आणि कुठले टीएम (पोकेमॉनला नवी मूव्ह, म्हणजे लढाईतली चाल, शिकवणाऱ्या वस्तू) खर्च केलेत, यावर थोडा फरक पडेल. या भागात टीएम एकदा वापरला की संपला.

आधी लेव्हल वाढवून नेमकं काय मिळतं ते बघू. मार किती बसतो हे ठरवताना गेम लेव्हलची दुप्पट करून तिला पाचने भागतो आणि त्यात 2 मिळवतो. म्हणजे 50 लेव्हलला तो गुणक 22, आणि 60 ला 26. त्याच दहा लेव्हलमध्ये हल्ल्याचा आकडाही साधारण पाचव्या हिश्श्याने वाढतो. दोन्ही मिळून दहा लेव्हलनंतर मार होतो 1.4 पट. आता दुसरी बाजू बघा. समोरच्याला न सोसणारी मूव्ह मारली तर 2 पट. त्याचे दोन्ही टाइप (आग, पाणी, बर्फ असे प्रकार) तिला कच्चे असतील तर 4 पट. आणि मूव्हचा टाइप मारणाऱ्याचा स्वतःचाच असेल तर वर आणखी 1.5 पट. दहा लेव्हलची मेहनत 1.4 देते, आणि योग्य पोकेमॉन पुढे करायला एक चाल लागते.

लान्सचा 60 लेव्हलचा ड्रॅगोनाइट घ्या. ड्रॅगन आणि फ्लाइंग असे दोन टाइप, आणि एचपी (जीव) दोनशेच्या घरात. तुमच्या 62 च्या चारिझार्डने फ्लेमथ्रोअर मारला तर आग ड्रॅगनवर अर्धी होते आणि चाळीस-पंचेचाळीस एचपी जातात. पन्नासाव्या लेव्हलच्या आर्टिकुनोने आइस बीम मारला तर बर्फ त्याच्यावर चौपट लागतो आणि साधारण दोनशे एचपी जातात, म्हणजे एका फटक्यात जवळजवळ खेळ खलास. बारा लेव्हलने लहान असूनही जवळपास पाचपट मार. आणि लान्सकडे फुल रिस्टोअर असतो हे विसरू नका. चाळीस-चाळीसने कुरतडत बसलात की तो मध्येच औषध देऊन सगळं भरून घेतो आणि तुमचे चार टर्न पाण्यात जातात. मोठ्या दोन फटक्यांत पाडलं तर औषधाला वेळच मिळत नाही. चारिझार्ड 70 ला नेला तरी हे गणित फारसं हलत नाही.

आता अनुभवाकडे येऊ, कारण तुमचे रोजचे दोन तास तिथेच गळताहेत. या भागात पाडलेल्या पोकेमॉनकडून मिळणारा अनुभव फक्त त्याच्या जातीवर आणि लेव्हलवर ठरतो. तुमचा पोकेमॉन 30 चा असो की 60 चा, आकडा तोच येतो. ट्रेनरचा पोकेमॉन असेल तर त्याच्या दीडपट. व्हिक्टरी रोडमधला चव्वेचाळीसच्या आसपासचा जंगली माचोक नऊशेच्या जवळपास देतो. लोरेलायचा 54 चा लाप्रास अडीच हजार देतो. तिच्या खोलीतले पाचही मिळून दहा हजारांच्या आसपास होतात. गुहेत दहा-अकरा माचोक शोधत फिरायचं, की एका खोलीत तेवढंच घ्यायचं, तुम्हीच ठरवा.

खर्चाची बाजूही बघा. चारिझार्डला 62 वरून 63 ला जायला 12,288 अनुभव लागतो. तेवढाच अनुभव 36 च्या जॉल्टियॉनला दिला तर तो जवळपास 39 ला पोचतो. म्हणजे चारिझार्डच्या एका लेव्हलच्या भावात दुसऱ्याच्या तीन. तेव्हा आजपासून चारिझार्डला मुद्दाम वाढवणं बंद. तो आहे तेवढा पुरेसा आहे.

एलीट फोरमध्ये हरलात तरी मिळालेला अनुभव राहतो, फक्त थोडे पैसे जातात आणि बाहेरच्या पोकेमॉन सेंटरमध्ये (उपचाराच्या जागी) परत येता. त्यामुळे पहिल्या दोन-तीन खोल्या हीच तुमची तालमीची जागा. त्यासाठी एक्सपी शेअर हातात हवा. तो रूट 15 वरच्या गेटच्या इमारतीत प्रोफेसर ओकचा मदतनीस देतो, अट एवढीच की 50 जातींचे पोकेमॉन पकडलेले हवेत. बऱ्याच जणांचे आठ बॅज होईपर्यंत तीस-पस्तीसच झालेले असतात आणि हा माणूस राहून जातो. उरलेले भरायला सोपा रस्ता पाण्याचा आहे. गळ घेऊन वेगवेगळ्या ठिकाणी बसा, मग सफारी झोनचा एक फेरा मारा. शिवाय उत्क्रांत झालेली जात वेगळी मोजली जाते, म्हणून बॉक्समधले एक-दोन लेव्हलवर अडकलेले पुढे ढकला. यात तासभर जाईल, पण तो तास पुढचे दहा वाचवतो.

एक्सपी शेअर ज्याच्या हातात, त्याला लढाईत न उतरता निम्मा अनुभव मिळतो. उरलेला निम्मा प्रत्यक्ष लढलेल्यांत सारखा वाटला जातो. इथे एक चूक नेहमी होते: एकेका शत्रूसमोर चार-चार पोकेमॉन आलटून पालटून उतरवले जातात आणि लढणाऱ्यांचा हिस्सा चार ठिकाणी फुटतो. एका शत्रूला शक्यतो एकानेच पाडायचं. आणि शेअर धरलेला बेशुद्ध असेल तर त्याला काहीच मिळत नाही, म्हणून त्याला विनाकारण पुढे करू नका.

पण मी तुमच्या जागी असेन तर वाढवण्याआधी आणण्याकडे बघेन. तुमच्या गेममध्ये दोन पोकेमॉन तयार 50 लेव्हलला तुमची वाट बघत बसलेत. सीफोम बेटांच्या गुहेत आर्टिकुनो, आणि पॉवर प्लांटमध्ये झॅपडॉस. फुशिया शहराच्या दक्षिणेला समुद्रात उतरून पश्चिमेकडे गेलात की सीफोम लागतं. आत दगड भोकांतून खाली ढकलून पाण्याचा प्रवाह थांबवावा लागतो, म्हणजे स्ट्रेंथ (दगड ढकलणारी मूव्ह) आणि सर्फ (पाण्यावरून नेणारी) दोन्ही जवळ हवेत. पॉवर प्लांटला रूट 10 च्या सेंटरपाशी उडत उतरा आणि तिथून सर्फ करत खाली जा.

आर्टिकुनो पकडताना चारिझार्ड मागेच ठेवा. आगीने तो एका फटक्यात जाऊ शकतो, आणि गेला की परत येत नाही. समोर जाताना आधी सेव्ह. पुढे उतरवायचा लाप्रास: वॉटर आणि आइस असल्याने आर्टिकुनोचा आइस बीम त्याला चौथाईच लागतो, 33 लेव्हलला असूनही तो टिकतो. लाप्रासचा बॉडी स्लॅम अजून ठेवला असेल तर उत्तमच, त्याने समोरचा लुळाही पडू शकतो. एचपी लाल रेघेत आली की हिप्नोची हिप्नॉसिस. ती दहापैकी सहा वेळाच लागते, धीर सोडू नका. झोपलेल्यावर बॉल लागायची शक्यता दुप्पट होते, लुळ्यावर दीडपट. एक सांभाळा: या पक्ष्यांमुळे तुमच्या मूव्हचा पीपी (ती किती वेळा वापरता येते तो आकडा) दुप्पट वेगाने संपतो, म्हणून झोपवणाऱ्या मूव्ह उगाच उधळू नका.

आर्टिकुनो 50 ला आइस बीम घेऊनच येतो, टीएमची गरज नाही. झॅपडॉसच्या बाबतीत मात्र पुष्कळ जण फसतात. पकडल्यावर त्याच्याकडे थंडर वेव्ह, अजिलिटी, डिटेक्ट आणि ड्रिल पेक असतात. विजेची मार देणारी एकही मूव्ह नाही! तसाच लोरेलायसमोर नेला तर तो नुसता चोच मारत बसतो. त्याच्यासाठी थंडरबोल्टचा टीएम घ्यावाच लागतो.

तुमच्या दीड लाखाचा हिशोब म्हणूनच मी असा लावतो. थंडरबोल्ट सेलाडॉनच्या गेम कॉर्नरला 4,000 नाण्यांना मिळतो. 500 नाणी दहा हजारांना, म्हणजे 80,000 गेले. अल्ट्रा बॉल 20 घेतले तर 24,000. उरतात 46,000. सॅफ्रनच्या दुकानातून हायपर पोशन 15 (18,000), रिव्हाइव्ह 8 (12,000), फुल हील 5 (3,000), आणि इंडिगो प्लॅटोवर, म्हणजे एलीट फोरच्या दारात, फुल रिस्टोअर 4 (12,000). खिशात हजार उरतात. मास्टर बॉल शिल्लक असेल तर तो झॅपडॉसवर टाका आणि अल्ट्रा बॉल निम्मे करा, कारण आर्टिकुनोला अडवायला तुमच्याकडे लाप्रास आहे, झॅपडॉससमोर तसं ठाम कोणी नाही. पैसे कमी पडले तर रूट 16 च्या गेटमधला मदतनीस 40 जाती पकडल्यावर अम्युलेट कॉइन देतो. ते धरलेला पोकेमॉन लढाईत एकदा जरी उतरला तरी बक्षिसाचे पैसे दुप्पट मिळतात.

सेलाडॉनच्या मोठ्या दुकानात 9,800 ची टॉनिकं दिसतील, प्रोटीन, कॅल्शियम वगैरे. त्यांच्याकडे बघूही नका. दहा टॉनिकं, म्हणजे 98,000 खर्चून, 50 लेव्हलच्या पोकेमॉनचा एक आकडा बाराएकने वाढतो. त्याहून कमी पैशात थंडरबोल्ट येतो. त्याच दुकानात 350 ला एक्स स्पेशल मिळतं, तिकडे मात्र कुणी वळत नाही. लढाईत एकदा दिलं की त्या पोकेमॉनचा स्पेशल हल्ला दीडपट. वर सांगितलेला 1.4 आठवा: दहा लेव्हलच्या घासण्यापेक्षा जास्त, गेममधल्या 350 पैशांत. फक्त पोकेमॉन बदलला की परिणाम जातो. म्हणून जो पुढे तीन-चार जणांना पाडणार आहे त्यालाच द्या, आणि समोर फार न मारणारा उभा असताना द्या. उरलेल्या हजारात दोन येतात.

आणखी एक गोष्ट, जी गेम कुठेच सांगत नाही. या भागात मूव्ह हल्ल्याच्या आकड्यावर चालणार की स्पेशलच्या, हे मूव्हच्या टाइपवरून ठरतं. आग, पाणी, गवत, वीज, बर्फ, सायकिक, ड्रॅगन, डार्क हे आठ स्पेशल. नॉर्मल, फायटिंग, फ्लाइंग, पॉइझन, ग्राउंड, रॉक, बग, घोस्ट, स्टील हे साध्या हल्ल्याचे. गायराडोस आवडतो म्हणून त्याला सर्फ शिकवणारे खूप भेटतात. त्याचा हल्ला मूळचा 125 आणि स्पेशल 60, सर्फ चालतो त्या साठवर. मग म्हणतात, एवढा मोठा पोकेमॉन पण मारत का नाही. मूव्ह शिकवण्याआधी समरीच्या पानावर दोन्ही आकडे बघा, अर्धा मिनिट लागतो.

तर खेळायला जाताना टीम अशी: चारिझार्ड, झॅपडॉस, आर्टिकुनो, लाप्रास, हिप्नो आणि सहावा पिजिऑट. रॅटिकेट बॉक्समध्ये, कारण एकदा इंडिगो प्लॅटोला पोचलात की तिथे उडत परतता येतं. एचएमची (कापणं, ढकलणं अशी, एरवी न विसरता येणारी) मूव्ह कुणाच्या गळ्यात अडकली असेल तर फुशियाला मूव्ह विसरायला लावणारा माणूस आहे. जॉल्टियॉनला राखीव ठेवा. झॅपडॉस हातचा गेला तर थंडरबोल्ट त्याला द्यायचा आणि एक्सपी शेअरही त्यालाच. मग 48 पर्यंत न्यायला चौसष्ट हजारांच्या आसपास अनुभव लागेल, आणि फेऱ्या वाढतील हे धरून चाला.

झॅपडॉस मिळाला तर एक्सपी शेअर हिप्नोला. त्याला पंचेचाळीसपर्यंत न्यायला साधारण 48,000 लागतात, दोन ते तीन फेऱ्यांत होतं. सॅफ्रनमधल्या माणसाने दिलेला सायकिकचा टीएम याच्यावरच लावा. लाप्रास मुद्दाम वाढवू नका, त्याची जात सव्वापट अनुभव खाते. तो आहे त्या लेव्हलला दोन-तीन ठरावीक कामं करणार आहे. रेअर कँडी साठवल्या असतील तर त्या फेऱ्या संपल्यावर हिप्नोला द्या. लेव्हल जितकी वर, तितका एका कँडीचा भाव जास्त.

प्रत्यक्ष खोल्यांमध्ये. लोरेलायच्या पाचपैकी चौघांवर वीज दुप्पट लागते, तिथे झॅपडॉसला एक एक्स स्पेशल देऊन सरळ चालवा. पण तिच्याकडचा बर्फ झॅपडॉसलाही दुप्पट लागतो, एचपी अर्ध्यावर आले की औषध द्या. पाचवी जिंक्स, तिला चारिझार्डची आग. ब्रूनोकडे दोन ऑनिक्स आहेत, लाप्रासच्या एका सर्फमध्ये चौपट मार. त्याच्या तीन पहिलवानांना हिप्नोचा सायकिक. इथे चारिझार्ड आणि आर्टिकुनो दोघांनाही बाहेर काढू नका, कारण ब्रूनोकडे रॉक टूम आहे आणि दगड या दोघांना चौपट लागतो.

अगाथापाशी तुमची औषधं का संपतात ते सांगतो. ती विष, गोंधळ, झोप देऊन वेळ काढते आणि तुम्ही दर टर्नला हायपर पोशन पाजत बसता. औषध एचपीला द्यायच्या ऐवजी आधी फुल हील द्या आणि लगेच मारा. तिचे सगळे पोकेमॉन पॉइझन आहेत, म्हणून सायकिक सगळ्यांवर दुप्पट. जिओव्हानीने दिलेला अर्थक्वेक चारिझार्डला शिकवला असेल तर तो इथे फक्त आर्बोकवर चालतो. गेंगार आणि हाँटर पॉइझन असले तरी अधांतरी तरंगतात, जमिनीची मूव्ह त्यांना लागतच नाही, आणि गोलबॅट उडणारा. एक टर्न फुकट जातो आणि माणसाला वाटतं गेम बिघडला.

लान्सचा पहिला गायराडोस. वीज त्याला चौपट, झॅपडॉसच्या एका थंडरबोल्टमध्ये बहुतेकदा जातो. दोन्ही ड्रॅगनेअर आर्टिकुनोचे. एरोडॅक्टिल आला की आर्टिकुनो ताबडतोब मागे, त्याच्याकडे एन्शंट पॉवर आहे आणि तो दगडाचा टाइप. तिथे लाप्रासचा सर्फ. तो 33 च्या लेव्हलला एका सर्फमध्ये पाडणार नाही, म्हणून त्याला उतरवण्याआधी एचपी भरलेले हवेत. लाप्रास पडला तर झॅपडॉसने उरलेलं संपवा. ड्रॅगोनाइट पुन्हा आर्टिकुनोचा. ऑप्शनमध्ये बॅटल स्टाइल शिफ्टवर ठेवा, म्हणजे एक पडल्यावर पुढचा कोण येतोय ते सांगून गेम फुकटात बदलू देतो. ही सगळी योजना त्या एका सेटिंगवर उभी आहे.

लान्सनंतर शेवटचा चॅम्पियन. त्याच्याकडे तुम्ही चार्मँडर घेतला म्हणून ब्लास्टॉइज 63 चा असेल, सोबत एक्झेग्युटर आणि आर्केनाइन. ब्लास्टॉइज झॅपडॉसला द्या, पिजिऑट आणि एक्झेग्युटर आर्टिकुनोला. एक्झेग्युटरवर बर्फ फक्त गवताच्या बाजूने दुप्पट लागतो, पण तेवढा पुरतो. ऱ्हायडनला वीज अजिबात लागत नाही, तिथे घाईत थंडरबोल्ट दाबू नका. त्याला सर्फ, चौपट. आर्केनाइनवरही सर्फ. अलाकझाम वेगवान आहे आणि त्याचा स्पेशल हल्ला जबर, पण अंग काडीचं. साध्या हल्ल्याची मूव्ह त्याला झेपत नाही, चारिझार्डचा अर्थक्वेक किंवा फ्लाय तिथे कामी येतो.

आता मला दोन गोष्टी कळवा. मास्टर बॉल शिल्लक आहे का, आणि पोकेडेक्समध्ये पकडलेल्यांचा आकडा किती आहे? पन्नासच्या आत किती कमी पडतात ते कळलं तर कुठल्या रूटवर कुठले अजून राहिलेत ते तुमच्या यादीवरून सांगता येईल, म्हणजे गळ टाकत फिरण्याचा वेळही वाचेल.